फुटेजमधला माणूस तोच आहे का?

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीसमोर सोनसाखळी चोरी झाली की तासाभरात तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. सीसीटीव्हीच्या पडद्याचा कुणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो. मोटारसायकलवर मागे बसलेला एक तरुण, आणि चेहऱ्याच्या जागी तपकिरी ठिपक्यांचा पुंजका. खाली कुणीतरी ठामपणे लिहितं, "हा तर मागच्या महिन्यात पाण्याची टाकी धुवायला आला होता तोच!" दहा मिनिटांत त्याला सहा जणांचं अनुमोदन मिळतं. फिर्यादी बाई अजून पोलीस चौकीच्या बाकावरच बसलेल्या असतात, इकडे निकाल लागलेला असतो.

या सहा जणांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. त्यांना खरंच तसं वाटलेलं असतं. घोळ असा की ओळखीचा चेहरा ओळखणं आणि दोन अनोळखी चेहरे एकमेकांशी ताडून पाहणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिल्यात आपण इतके तरबेज असतो की दुसरंही आपल्याला तसंच जमणार असं धरून चालतो. दिवाळीच्या खरेदीत लक्ष्मी रोडच्या गर्दीतून मामेबहीण नुसत्या चालण्यावरून ओळखता येते, कारण तिचे शेकडो चेहरे आपल्या ओळखीचे असतात: झोपेतून उठलेला, तापातला, लग्नातला, चिडलेला. अनोळखी माणसाचा आपल्याकडे एकच चेहरा असतो, तोही कॅमेऱ्याने जसा पकडला तसा.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात हे फार छान दाखवलं होतं. लोकांच्या हातात चाळीस फोटो दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. फोटो होते नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे, प्रत्येकीचे वीस. त्यांना न ओळखणाऱ्या ब्रिटिश मंडळींनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले. दोन माणसांची सात-आठ माणसं झाली! तेच फोटो डच लोकांना दिल्यावर जवळजवळ प्रत्येकाने बरोबर दोन गठ्ठे केले. फोटो तेच होते, फरक फक्त ओळखीचा. उजेड, कोन, हसू, केस, वजन यांनी एकाच माणसाचे दोन फोटो इतके वेगळे दिसू शकतात की दोन वेगळी माणसं त्याहून एकमेकांसारखी वाटावीत.

हे रोजचं काम असलेल्यांना तरी जमत असेल, असं वाटतं. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या एका सुपरमार्केटात प्रयोग झाला. क्रेडिट कार्डावर फोटो छापले आणि काही जणांना मुद्दाम दुसऱ्याचा फोटो असलेलं कार्ड देऊन काउंटरवर पाठवलं. कॅशियरनी अशी अर्ध्याहून जास्त कार्डं बिनदिक्कत स्वीकारली. पुढे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा झाली. समोर माणूस उभा, हातात भलत्याचाच फोटो; तरी अशा १४ टक्के वेळा अधिकाऱ्यांनी 'हाच तो' म्हटलं. नोकरीची वर्षं वाढली म्हणून नजर सुधारली, असंही दिसलं नाही. नुसत्या सवयीने हे काम येत नाही. ते पद्धतीने शिकावं लागतं आणि पद्धतीनेच करावं लागतं.

तीस पिक्सेलचा चेहरा

पद्धतीकडे वळण्याआधी चित्राचं बोलू, कारण निम्मी प्रकरणं इथेच संपायला हवीत.

समजा, गेटवरचा कॅमेरा दुकानदाराने 'फुल एचडी' म्हणून विकलेला आहे, म्हणजे चित्राच्या रुंदीत १९२० पिक्सेल. त्याच्या चौकटीत गेट, फूटपाथ आणि पार्किंगचा कोपरा मिळून दहा मीटरचा पट्टा येतो. एका मीटरच्या वाट्याला १९२ पिक्सेल आले. माणसाचा चेहरा पंधरा-सोळा सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे त्याला मिळाले जेमतेम तीस. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रौढांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर असतं. ते या चित्रात बारा पिक्सेलमध्ये बसतं. पासपोर्टच्या फोटोसाठी आंतरराष्ट्रीय मानकात हेच अंतर किमान ९० पिक्सेल लागतं.

सीसीटीव्हीचंही आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार आधी पाहिलेला माणूस चित्रात ओळखायचा असेल तर मीटरला १२५ पिक्सेल, आणि अनोळखी माणसाची ओळख पक्की करायची असेल तर २५०. ओळखीचा आणि अनोळखी यांतला वर सांगितलेला फरक मानक लिहिणाऱ्यांनीही धरलेला आहे. आपला गेटवरचा कॅमेरा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो, आणि माणूस दोन पावलं मागे गेला की आणखी खाली घसरतो.

पिक्सेल पुरेसे असले तरी चित्र सरळ नसतं. कॅमेरा तीन-साडेतीन मीटर उंचीवर, खाली पाहणारा. त्यात कपाळ मोठं दिसतं, हनुवटी आखूड होते. जागा वाचावी म्हणून डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारी पेटी, चित्र दाबून साठवतो आणि त्या दाबण्यात चौकोनी डाग तयार होतात. गालावरचा खरा तीळ त्यात पुसला जातो, आणि नसलेला तीळ उमटतोही. रात्री कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशावर जातो. त्या प्रकाशात त्वचेचा रंगफरक फिका पडतो, त्यामुळे तीळ आणि डाग अंधूक होतात. काळा शर्ट कधी चक्क पांढुरका दिसतो. "काळ्या शर्टवाला" म्हणून शोध घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जुन्या कॅमेऱ्याचं चौकोनी चित्र नव्या रुंद पडद्यावर ताणून दाखवलं तर सडपातळ माणूसही एक तृतीयांश रुंद होतो.

भिंगाचा आणि अंतराचा खेळ मात्र सगळ्यात फसवा. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर पुढे असतं. मोबाइल नाकापासून तीस सेंटीमीटरवर धरला तर कान चाळीसवर जातात, आणि कानांच्या मानाने नाक एक तृतीयांश मोठं उमटतं. तोच कॅमेरा तीन मीटरवर नेला तर हा फरक तीन टक्क्यांवर येतो. सेल्फीत आपलं नाक आपल्यालाच परकं वाटतं ते यामुळे. आता कल्पना करा: फुटेज पाच मीटरवरून घेतलेलं, आणि संशयिताचा तुलनेसाठीचा फोटो चौकीत कुणीतरी हातभरावरून मोबाइलवर काढलेला. एकाच माणसाचे हे दोन फोटो शेजारी ठेवले तर नाकं जुळणार नाहीत. उलट बाजूने, नाकं जुळली तरी त्या जुळण्याला अर्थ नाही. म्हणून शक्य असेल तिथे तुलनेचा फोटो त्याच कोनातून, तेवढ्याच अंतरावरून, आणि जमलं तर त्याच कॅमेऱ्याने घेतात.

यावर हल्ली एक सोपा उपाय सुचवला जातो: एआयकडून फोटो स्पष्ट करून घ्या. कृपा करून नको. असं सॉफ्टवेअर अंधूक चित्रातली हरवलेली माहिती परत आणत नाही, कारण ती तिथे नसतेच. हजारो इतर चेहरे पाहून ते 'इथे बहुधा असं काही असेल' म्हणून नवा चेहरा रंगवतं. २०२० मध्ये अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा अंधूक केलेला फोटो दिला, तर तिने एक गोरा माणूस काढून दिला, अगदी स्पष्ट आणि सुबक. उजेड-अंधार कमी-जास्त करणं, चित्र मोठं करणं, सलग फ्रेम एकमेकींवर ठेवून धुरकटपणा कमी करणं हे चालतं, पण काय केलं ते टिपून ठेवून, आणि मूळ फाइलला हात न लावता.

मोजमाप का चालत नाही

टीव्हीवर चेहऱ्यावर रेघा ओढून, कोन मोजून "९७ टक्के जुळला" असं दाखवतात. शास्त्रीय वाटावं म्हणून रेघेसारखी दुसरी गोष्ट नाही. या कल्पनेचं मूळ पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फाँस बर्टिलाँपर्यंत जातं. १८८० च्या दशकात त्याने कैद्यांच्या शरीराची मापं घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे बंगालमध्येही ती काही काळ वापरात होती. पुढे कोलकात्यात १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं आणि ती मागे पडली. बर्टिलाँ निदान कैद्याला समोर बसवून धातूच्या उपकरणाने मापं घ्यायचा. आपण ती ठिपक्यांवरून घ्यायला निघालो आहोत.

वरचंच गणित पुढे नेऊ. मीटरला १९२ पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल पाच मिलिमीटरचा. बाहुलीचा मध्य ठरवताना दोन्ही डोळ्यांत एकेक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर चूक दहा मिलिमीटरची. आणि बहुतेक प्रौढ माणसांमध्ये हे अंतर ५५ ते ७० मिलिमीटरच्या आतच असतं. मोजण्यातली चूक जर माणसामाणसांतल्या फरकाएवढी होणार असेल, तर त्या मापाने कुणाला वेगळं काढणार? त्यात मान पाच-दहा अंशांनी वळली की सगळी गुणोत्तरं बदलतात. चेहरा-तुलनेचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी म्हणूनच फोटोवरून मापं घेण्याची पद्धत बाजूला सारली आहे, आणि एक चेहरा दुसऱ्यावर पारदर्शक करून ठेवणं एवढंच ते पुरेसं मानत नाहीत. मान्य आहे ती अवयवांची ठेवण एकेक करून तपासण्याची पद्धत.

तज्ज्ञ टेबलावर काय करतो

पहिला नियम: संशयिताचा फोटो आधी बघायचाच नाही. तज्ज्ञ फक्त फुटेज घेऊन बसतो आणि लिहून काढतो की यात काय दिसतं, काय दिसत नाही, काय दिसतं पण भरवशाचं नाही. डावा कान दिसतो, पाळी सुटी आहे. भुवया दिसतात, पण त्यांची टोकं अंधूक. ओठांबद्दल काही सांगता येत नाही. हे आधी लिहिलं नाही तर दुसरा फोटो पाहिल्यावर नजर आपोआप त्यातल्या गोष्टी फुटेजमध्ये शोधायला लागते, आणि शोधल्या की त्या सापडतात. याच टप्प्यावर चित्र तुलनेलायक नाही असं ठरलं तर अहवाल तिथेच संपतो. तपास अधिकाऱ्याला हे आवडत नाही, पण चांगल्या तज्ज्ञाची ओळख अशा नकारांवरूनही होते.

मग तुलना. चेहऱ्याचा आकार, केसांची रेषा, कपाळ, भुवयांची कमान, पापणीची घडी, डोळ्यांचे कोपरे, नाकाचा दांडा, नाकपुड्या, नाकाखालची पन्हाळ, जिवणी, हनुवटी, जबड्याची रेघ, गालांवरच्या आणि मानेवरच्या वळ्या, तीळ, व्रण, देवीचे वण. यादी लांब आहे, आणि प्रत्येक भागाचे उपभाग आहेत. कानाला यात खास मान. बाहेरची कड, आतली घडी, भोकाशेजारचा कूर्चेचा उंचवटा, पाळी सुटी की गालाला चिकटलेली, असे कितीतरी बारकावे तिथे मिळतात, आणि हसल्याने किंवा रडल्याने कान बदलत नाही. वयानुसार तो थोडा लांबतो, पण घडण टिकते. भिकबाळीसाठी कानाच्या वरच्या भागात पाडलेलं भोक स्वच्छ फोटोत दिसलं तर तज्ज्ञ खूश होईल. गेटवरच्या कॅमेऱ्यात मात्र ते दिसण्याची आशा नको. तोंडाला स्कार्फ गुंडाळून दुचाकीवर जाणाऱ्या पुणेरी मुलींच्या बाबतीत तर कानही गेला. उरतात भुवया, पापण्या आणि गॉगल.

खरं कसब लागतं ते तिसऱ्या टप्प्यावर: सापडलेल्या साम्यांना आणि फरकांना किती वजन द्यायचं? पुण्यात कुणी पत्ता सांगताना "मारुतीच्या देवळाजवळ" म्हणालं तर तुम्ही रिक्षा सुरूसुद्धा करणार नाही. "जिलब्या मारुतीजवळ" म्हटलं की थेट तिथे पोचता. चेहऱ्याचंही तसंच. सुटी कानपाळी, जाड भुवया, सरळ नाक हे झाले नुसते मारुती. ते हजारोंच्या चेहऱ्यावर असतात. अशी दहा साम्यं जमली तरी त्यांचा गुणाकार करून "लाखात एक" म्हणता येत नाही, कारण ही वैशिष्ट्यं एकमेकांपासून सुटी नसतात. एकाच भागातल्या, एकाच घराण्यातल्या लोकांमध्ये ती झुबक्याने येतात. डाव्या भुवईला तिरका छेदणारा व्रण आणि त्याखाली ठरावीक अंतरावर दोन तीळ, हे दोन्हीकडे दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी.

फरकांचं वजन साम्यांपेक्षा निराळं असतं. शंभर साम्यं मिळूनही 'हाच तो' सिद्ध होत नाही; जुळा भाऊ असू शकतो, चुलतभाऊ असू शकतो, कुणीही अनोळखी असू शकतो. पण एक खरा, स्पष्टीकरण न देता येणारा फरक 'हा तो नव्हे' म्हणायला पुरतो. फुटेजमध्ये पाळी गालाला स्वच्छ चिकटलेली आणि संशयिताची लोंबती असेल तर पुढे बोलण्यासारखं उरत नाही. म्हणून तज्ज्ञाचा बहुतेक वेळ फरकांवर जातो: हा फरक उजेडामुळे? वजन वाढल्यामुळे? दाढीमुळे? चित्र दाबल्यामुळे? की दोन माणसांमुळे? व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमकं उलटं चालतं. तिथे साम्य शोधतात, आणि दिसलेला फरक 'फोटो नीट नाही' म्हणून सोडून देतात.

शेवटी दुसरा तज्ज्ञ तेच काम पहिल्याचा निष्कर्ष न पाहता करतो. अहवालात टक्केवारी नसते. पायऱ्या असतात: एकच व्यक्ती असण्याला थोडा आधार, बराच आधार, भक्कम आधार; तसंच उलट दिशेने; आणि मध्ये 'सांगता येत नाही'. हा आधार तज्ज्ञाच्या अनुभवावर उभा असतो, अमुक ठेवणीचे कान किती लोकांना असतात याच्या मोजदादीवर नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये अशा पायऱ्यांच्या भाषेत मत द्यायला परवानगी दिली, पण त्यामागे आकडेवारीचा साठा नाही हे ज्युरीला समजलं पाहिजे, हेही बजावलं. मला हा तोडगा प्रामाणिक वाटतो.

यंत्र शोधतं तेव्हा

आतापर्यंत एक फुटेज आणि एक संशयित असं धरलं. आता संशयितच नाही अशी परिस्थिती घ्या. पोलीस फुटेजमधला चेहरा सॉफ्टवेअरला देतात आणि ते नोंदीतल्या लाखो फोटोंमधून सगळ्यात जवळचे चेहरे काढून देतं.

मोबाइल चेहरा पाहून उघडतो किंवा पुणे विमानतळावर डिजी यात्रेच्या दाराशी चेहरा दाखवून आत जाता येतं, त्यापेक्षा हे काम फार वेगळं आहे. तिथे माणूस स्वतःहून कॅमेऱ्यासमोर उभा असतो, उजेड बरा असतो, आपला फोटो त्याने आधीच दिलेला असतो, आणि चूक झाली तर फार तर रांगेत जावं लागतं. इथे मात्र आकडा फुगतो. निव्वळ उदाहरणादाखल समजा, एखादी प्रणाली दोन भलत्याच माणसांना दहा हजारांत एकदाच सारखं म्हणते. ऐकायला उत्तम. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. तेवढ्या फोटोंमध्ये एक चेहरा शोधला तर तीनशेहून जास्त निरपराध माणसं 'जुळतील'. खरा चोर त्या नोंदीत नसेल तरीही जुळतील, कारण सर्वांत जवळचा चेहरा कुणाचा तरी असणारच.

शिवाय यंत्राची नजर ज्या चेहऱ्यांवर घडवली त्यांच्या बाबतीत ती जास्त चांगली असते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या. त्यांतल्या अनेकींमध्ये आफ्रिकी आणि पूर्व आशियाई वंशाच्या चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांच्या दहा ते शंभर पट जास्त निघाली. चीनमध्ये बनलेल्या काही प्रणालींमध्ये मात्र पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत हा दोष दिसला नाही. इथल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांवर, इथल्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात एखादी प्रणाली कशी चालते, हे तिथेच तपासून पाहावं लागतं. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरात सांगितलं की ८० टक्क्यांवर साम्य आलं की ते जुळणी धरतात. पण सॉफ्टवेअरचं '८० टक्के साम्य' म्हणजे 'हाच तो असण्याची ८० टक्के शक्यता' नव्हे. तो त्या कंपनीने आपल्या मोजपट्टीवर दिलेला गुण आहे. दुसऱ्या कंपनीची पट्टी वेगळी.

आणि आता या सगळ्या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये एका गृहस्थाला घरासमोर, बायको-मुलींच्या देखत अटक झाली. दुकानातून घड्याळं चोरीला गेली होती. अंधूक फुटेज सॉफ्टवेअरला दिलं, त्याने या गृहस्थाचा वाहन परवान्यावरचा जुना फोटो काढून दिला. मग पोलिसांनी पडताळणी म्हणून सहा फोटोंमध्ये तो फोटो ठेवून दुकानाच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या व्यक्तीला दाखवला. तिने तोच निवडला. पण तिने चोरी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. तिनेही तेच फुटेज पाहिलं होतं. माणूस निर्दोष होता. २०२४ मध्ये शहराने भरपाई देऊन प्रकरण मिटवलं आणि केवळ यंत्राच्या जुळणीवरून अटक करायची नाही, असा नियम मान्य केला.

इथे दोन पुरावे होते असं वाटतं, पण पुरावा एकच होता, दोनदा मोजलेला. लाखोंतून यंत्राने काढलेला माणूस फुटेजसारखा दिसणारच. त्याची निवडच त्यासाठी झाली होती. मग तो सारखा दिसतो, हे पुन्हा कुणा माणसाने सांगितलं तर नवीन काय कळलं? उलट अशा निवडीतून येणारे चेहरे साध्या संशयितापेक्षा जास्त फसवे असतात, त्यामुळे माणसाची चूक होण्याची शक्यता वाढते. चेहऱ्याच्या साम्यावरून माणूस सापडला असेल तर पुढचा पुरावा चेहऱ्याबाहेरचा हवा: मोबाइल त्या वेळी कुठल्या टॉवरवर होता, दुचाकीचा नंबर, विकलेलं सोनं, बोटांचे ठसे.

यंत्र टाकाऊ आहे, असा याचा अर्थ काढू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत प्रशिक्षित तज्ज्ञ आणि उत्तम सॉफ्टवेअर यांची स्वतंत्र मतं एकत्र केल्यावर सर्वांत अचूक निकाल मिळाले. दोन तज्ज्ञ एकत्र बसवण्यापेक्षाही चांगले. त्यातला 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा.

कोर्टात

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे फुटेजची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य असतं. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ही आकडे-अक्षरांची ओळ बदलते. असं प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली जुलै २०२० मध्ये निक्षून सांगितलं, तेही आपल्याच जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला गेला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. मूळ उपकरणच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. पण सोसायटीचा डीव्हीआर तारखेमागून तारीख शिवाजीनगर कोर्टात कोण नेणार?

तज्ज्ञाचं मत हे मतच असतं. न्यायाधीशावर ते बंधनकारक नसतं, आणि बचाव पक्षाच्या वकिलाला उलटतपासणीत त्याच्या चिंध्या करण्याचा पूर्ण हक्क असतो. चित्र तुलनेलायक होतं का, संशयिताचा फोटो आधी पाहिला होता का, दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासलं का, हे प्रश्न कोर्टात उत्तम उपयोगी पडतात.

साक्षीदाराकडून होणारी ओळख परेड ही आणखी निराळी गोष्ट, कारण तिथे चित्राशी तुलना नसते, आठवणीशी असते. आरोपीला नेताना पोलीस त्याचा चेहरा काळ्या कापडाने झाकतात ते त्याची लाज राखायला नव्हे. साक्षीदाराने त्याला आधी कुठे पाहिलं तर परेड फुकट जाते. आणि इथेच सोसायटीच्या ग्रुपवरचा तो फोटो नडतो. जिची साखळी गेली त्या बाईंनी "टाकीवाल्या मुलाचा" फोटो दिवसभर ग्रुपवर पाहिला असेल, तर महिन्याभराने परेडमध्ये त्यांना आठवेल तो कोणता चेहरा? मोटारसायकलवरचा की ग्रुपवरचा? त्यांनाही सांगता येणार नाही. बचावाच्या वकिलाला मात्र नेमकं काय विचारायचं ते ठाऊक असेल.

त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनदादांना काही कामाच्या गोष्टी. चोरी झाली की पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून तो पुरावा समजू नका. डीव्हीआरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, घटनेच्या आधीच्या-नंतरच्या अर्ध्या तासासकट. व्हॉट्सॲपने पाठवलेली फाइल आणखी दाबली जाते, ती पोलिसांना देऊन उपयोग नाही. घाई करा, कारण हार्डडिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवं लिहितो. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांतच. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून किती मिनिटं पुढे-मागे आहे ते कागदावर लिहून सही करा. पण घड्याळ दुरुस्त मात्र फाइल घेतल्यानंतरच करा. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांचा विषय निघेल तेव्हा आणखी चार कॅमेरे उंचावर लावायचा ठराव करण्याऐवजी एकच कॅमेरा पादचारी फाटकाशी, चेहऱ्याच्या उंचीला, दीड मीटरचा पट्टा भरेल असा आणि येणाऱ्या माणसाच्या पाठीमागून ऊन येणार नाही असा लावा. त्यात चेहऱ्याला तिसाऐवजी दोनशे पिक्सेल मिळतात.